पिलाटेस पहिल्यापासून: श्वास, पोटाचा आधार आणि ताब्यातली हालचाल

पिलाटेसच्या पहिल्या तासाला बहुतेकांचा गोंधळ उडतो. घाम फारसा येत नाही, धाप लागत नाही, शेजारची व्यक्ती पाठीवर पडून एक पाय उचलते आणि ठेवते, एवढंच दिसतं. याला व्यायाम का म्हणायचं? मग दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना पोटात खोलवर दुखतं, आणि तिथेही स्नायू आहेत याचा पत्ता लागतो.

हा लेख अगदी नवख्यांसाठी आहे. शिक्षक मिळाला तर उत्तमच, पण घरी मॅट अंथरून सुरुवात करणाऱ्यालाही नीट पाऊल टाकता यावं, असा प्रयत्न आहे. एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. पाय किती उंच गेला किंवा मोजणी कितीपर्यंत पोचली, याला इथे फार किंमत नाही. पाय हलत असताना बाकीचं शरीर तुमच्या ताब्यात होतं का, हे महत्त्वाचं. ताबा सुटला की तो व्यायाम त्या दिवसापुरता संपला, मग मोजणी चारवर असो की चौदावर. हे एवढं पाळलं तर पुढच्या बऱ्याच चुका आपोआप टळतात.

ही पद्धत आली कुठून

जोसेफ पिलाटेस यांचा जन्म १८८३ साली जर्मनीतल्या मोन्शेनग्लाडबाख इथे झाला. लहानपणी ते आजारी असत, दम्याने आणि मुडदुसाने त्यांना गाठलं होतं असं सांगितलं जातं. शरीर कमवण्याच्या ओढीने त्यांनी जिम्नॅस्टिक्स, मुष्टियुद्ध असे अनेक प्रकार केले. पहिल्या महायुद्धाच्या वेळी ते इंग्लंडमध्ये होते. जर्मन नागरिक म्हणून त्यांना आइल ऑफ मॅन या बेटावरच्या नोकालो नजरकैद छावणीत ठेवण्यात आलं. मर्यादित जागेत, जमिनीवर करता येतील अशा व्यायामांवर त्यांनी तिथे बराच विचार केला. १९२६ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले. तिथे पत्नी क्लारा यांच्यासोबत त्यांनी आठव्या अव्हेन्यूवर व्यायामशाळा चालवली. तिथे नर्तकांची रीघ लागली, कारण दुखापतीतून सावरायला आणि शरीर बारकाईने वापरायला त्यांना ही पद्धत उपयोगी पडत होती.

स्वतः जोसेफ या पद्धतीला ‘कंट्रोलॉजी’ म्हणत. १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात मॅटवरचे ३४ व्यायाम ठरलेल्या क्रमाने दिले आहेत. १९६७ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांच्या शिष्यांनी ही पद्धत आपापल्या परीने पुढे नेली. २००० साली अमेरिकेतल्या न्यायालयाने ‘पिलाटेस’ हे नाव कुणा एकाच्या मालकीचं नाही, असा निर्णय दिला. त्यामुळे आज हे नाव कुणीही वापरू शकतं, म्हणूनच शिक्षक निवडताना डोळे उघडे ठेवावे लागतात.

तत्त्वं

एकाग्रता, नियंत्रण, केंद्र, अचूकता, श्वास आणि प्रवाह ही सहा तत्त्वं सगळीकडे वाचायला मिळतात. ही यादी जोसेफ यांच्यानंतर त्यांच्या परंपरेतल्या लोकांनी मांडली. ती पाठ करण्याची गरज नाही. एकाग्रता, अचूकता आणि नियंत्रण या तिन्हींचा रोख एकच आहे, लक्ष देऊन नेमकी हालचाल करणं. प्रवाह म्हणजे एका हालचालीतून दुसरीत झटका न देता जाणं, तो सरावाने हळूहळू येतो. नवख्याने जीव लावून शिकाव्यात त्या उरलेल्या दोन गोष्टी: केंद्र आणि श्वास.

केंद्र म्हटलं की लोक पोटावर दिसणारे सपाट स्नायू डोळ्यांसमोर आणतात. ते सगळ्यात वरचे असतात. त्यांच्या खूप आत एक स्नायू कंबरेभोवती पट्ट्यासारखा आडवा गुंडाळलेला असतो. मागच्या बाजूला मणक्यांना चिकटून छोटे छोटे स्नायू असतात. खाली ओटीपोटाचा तळ सांभाळणारे स्नायू आणि वर श्वासाचा पडदा. या चौघांनी मिळून पोटाला चारही बाजूंनी आधार दिला, की हातपाय हलताना कंबरेचे मणके स्थिर राहतात. निरोगी शरीरात आडवा स्नायू हात किंवा पाय हलण्याच्या क्षणभर आधीच कामाला लागतो. कंबरदुखीच्या अनेक रुग्णांमध्ये तो उशिरा जागा होतो, असं अभ्यासांत दिसलं आहे. पिलाटेसमध्ये आपण याच आधाराकडे जाणीवपूर्वक लक्ष देतो.

आता श्वास. ओटीपोटाला आधार देत असताना पोट फुगवून श्वास घेणं अवघड जातं. म्हणून इथे श्वास बरगड्यांच्या बाजूंना आणि पाठीकडे घेतात. छत्री उघडावी तशा बरगड्या चहूबाजूंनी पसरतात आणि श्वास सोडताना मिटतात. बहुतेक वेळा जोर लागणारा भाग श्वास सोडताना करतात. क्रम विसरलात तरी चालेल. श्वास रोखून धरणं मात्र टाळा, त्याने रक्तदाब वाढतो आणि मान, खांदे ताठरतात.

मॅटवर उतरण्याआधी

गरोदर असाल, नुकतंच बाळंतपण किंवा शस्त्रक्रिया झाली असेल, हाडं ठिसूळ झाल्याचं निदान झालं असेल, मणक्यांमधली चकती सरकून पायात कळ जात असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल किंवा काचबिंदू असेल, तर आधी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टशी बोला. हाडं ठिसूळ असताना पाठ गोल करून पुढे वाकण्याचे व्यायाम मणक्याला धोक्याचे ठरू शकतात, आणि पिलाटेसमध्ये असे व्यायाम भरपूर आहेत. गरोदरपणात पहिले तीन महिने उलटल्यावर बराच वेळ उताणं पडून राहणं टाळायला सांगतात. पायात बधिरपणा येत असेल, किंवा लघवी-शौचावरचा ताबा सैल झाल्यासारखा वाटत असेल, तर व्यायामाचा विचार बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांकडे जा.

सामान फारसं लागत नाही. मॅट मात्र जरा जाड असावी, साधारण १० ते १५ मिलिमीटर, कारण पाठीवर गोल लोळताना मणके जमिनीला लागतात. कपडे अंगासरसे बरे, म्हणजे बरगड्या आणि कंबर काय करताहेत ते दिसतं. पाय उघडे ठेवा. जेवणानंतर दोनेक तास जाऊ द्या.

पायरी १: कंबरेची मधली स्थिती शोधा

पाठीवर झोपा. गुडघे वाकवा, तळपाय जमिनीवर, दोन्हींत कंबरेच्या रुंदीएवढं अंतर. आता हळूच कंबर जमिनीला दाबा, मग उलट बाजूला तिची कमान करा. असं चार-पाच वेळा करून दोन्ही टोकांच्या मध्ये थांबा. तळहातांचे मनगटाजवळचे भाग कंबरेच्या दोन बाजूंच्या पुढे आलेल्या हाडांवर आणि बोटांची टोकं खाली जननेंद्रियाच्या वरच्या हाडावर ठेवली, तर हातांचा त्रिकोण जमिनीला समांतर वाटला पाहिजे. कंबरेखाली थोडी पोकळी राहील. ती असायलाच हवी.

काही शिक्षक इथे कंबर पूर्ण टेकवायला सांगतात. जोसेफ यांच्या काळी पाठ सपाट ठेवण्यावर भर होता. नंतर फिजिओथेरपीच्या प्रभावाने अनेकांनी ही मधली स्थिती स्वीकारली. दोन ठिकाणी दोन सूचना ऐकल्यात तर गोंधळू नका, परंपरा वेगवेगळ्या आहेत. सुरुवातीला एका वेळी एकाच शिक्षकाचं ऐकावं, हे बरं.

पायरी २: श्वास आणि पोटाचा आधार

हात बरगड्यांच्या दोन्ही बाजूंना ठेवा. नाकाने श्वास घ्या आणि बरगड्यांनी हात बाहेर ढकला. मग ओठ जरा आवळून तोंडाने सावकाश सोडा. खांदे कानांकडे चढत नाहीत ना, एवढं बघा. सहा-सात श्वास असेच घ्या.

आता बोटं पुढच्या हाडांच्या किंचित आतल्या बाजूला ठेवा. श्वास सोडताना लघवी रोखल्यासारखा खालचा भाग हलकेच वर ओढा आणि बेंबीखालचं पोट आत घ्या. (ही फक्त जाणीव ओळखण्याची खूण आहे, प्रत्यक्ष लघवी करताना हा सराव करू नये.) बोटांखाली काहीतरी हळूच ताणलं जातंय असं वाटलं, तर योग्य स्नायू सापडला. बोटं वर ढकलली गेली, तर जोर जास्त झाला. एकूण ताकदीच्या तिसऱ्या हिश्शाएवढा जोर पुरतो. तो धरूनही बोलता आलं पाहिजे, श्वासही चालू राहिला पाहिजे.

या पायरीवर कंटाळा येतो. तरीही माझा आग्रह आहे की पहिला आठवडा इथेच काढा, कारण पुढचा प्रत्येक व्यायाम याच्यावर उभा आहे.

पायरी ३: एक पाय उचलणं

आधार धरा. श्वास सोडताना एक पाय उचला, गुडघा काटकोनात आणि नडगी जमिनीला समांतर येईपर्यंत. श्वास घेत थांबा, सोडत खाली ठेवा. मग दुसरा पाय. दोन्ही बाजू मिळून आठ-दहा वेळा.

पाहायला सोपं आहे. हात कंबरेच्या हाडांवर ठेवून बघा, पाय सुटतो तेव्हा हाडं एका बाजूला कलतात का? पोट मध्येच वर उसळतं का? तसं होत असेल तर पाय अर्धाच उचला, किंवा नुसती टाच वर करा. लहान हालचाल कमीपणाची नाही. कंबर हलू न देता उचललेली टाच हाच इथला खरा व्यायाम आहे.

पायरी ४: पूल

त्याच स्थितीत, हात शरीराशेजारी. श्वास सोडत कंबर जमिनीला टेकवा आणि माकडहाडापासून सुरुवात करून एकेक मणका जमिनीवरून सोडवत वर या. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत सरळ रेष झाली की थांबा. वजन खांद्यांच्या पात्यांवर असू द्या, मानेवर नको. वर श्वास घ्या, सोडताना छातीकडून एकेक मणका टेकवत खाली या. मांडीच्या मागच्या स्नायूत गोळा आला, तर टाचा जरा जवळ घ्या आणि कमी उंच जा. सहा-आठ वेळा पुरे.

खाली येताना पाठीचा एखादा भाग गठ्ठ्याने पडतो, मणके वेगळे होत नाहीत. बहुतेकांचं असंच होतं. तिथे वेग निम्मा करा.

पायरी ५: ‘हंड्रेड’

मूळ ३४ व्यायामांतला हा पहिला. पाच ठोक्यांत श्वास आत, पाच ठोक्यांत बाहेर, असे दहा श्वास, म्हणून एकूण १००. नवख्याने तळपाय जमिनीवरच ठेवावेत. श्वास सोडत हनुवटी किंचित छातीकडे घ्या, डोकं आणि खांदे पात्यांच्या टोकापर्यंत उचला, नजर मांड्यांकडे. हात शरीराशेजारी जमिनीच्या थोडे वर, सरळ. आता खांद्यातून हात छोटे छोटे, झपाझप वरखाली करा आणि ठोके मोजा.

पहिल्या दिवशी ३० ठोकेही खूप झाले. मान दुखू लागली, तर डोकं खाली ठेवून हातांचे ठोके आणि श्वास तेवढा चालू ठेवा, फायदा वाया जात नाही. इथे मान दुखते ती बहुधा पोटाचं काम मानेकडे गेल्यामुळे. एक हात डोक्यामागे आधाराला घेतला तरी चालतो.

पायरी ६: उलट बाजू

पुढे वाकण्याचे व्यायाम केल्यावर मागे जाणं हवंच. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांसाठी तर मला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. पोटावर झोपा, कपाळ जमिनीवर, तळहात खांद्यांच्या जरा पुढे. पोट आत घ्या. श्वास घेत आधी नाक, मग हनुवटी, मग छाती जमिनीपासून सोडवा. खालच्या बरगड्या जमिनीवरच राहू द्या. हातांनी रेटू नका, पाठीने उचला. नजर समोर खाली, मान मागे मोडू नये. श्वास सोडत खाली या. पाच वेळा झाल्यावर टाचांवर बसून पुढे वाका आणि पाठीत तीन-चार श्वास घ्या.

कंबरेत चिमटा बसत असेल, तर तुम्ही जास्त वर गेला आहात.

पायरी ७: कुशीवर आणि बसून

कुशीवर झोपा, खालचा हात डोक्याखाली, शरीर एका रेषेत, पाय किंचित पुढे. वरचा पाय कंबरेच्या उंचीला उचला आणि पुढे-मागे न्या. धड डोलता कामा नये. आठ वेळा, मग दुसरी कूस.

शेवटी बसा, पाय सरळ आणि कंबरेपेक्षा जरा रुंद. मांडीमागचे स्नायू आखूड असतील तर घडी केलेल्या जाड चादरीवर बसा किंवा गुडघे वाकवा. श्वास घेत उंच व्हा, सोडत डोक्यापासून एकेक मणका पुढे गोल करा, पोट आत ओढलेलं. श्वास घेत तिथे थांबा आणि सोडत परत रचत वर या.

हे सगळं २० ते २५ मिनिटांत होतं. आठवड्यातून तीनदा करा. जोसेफ यांनी आठवड्यातून चार वेळा, तीन महिने नियमित करायला सांगितलं होतं. रोज जमलं नाही म्हणून सोडून देण्यापेक्षा तीन ठरलेले दिवस पाळणं कितीतरी सोपं.

शरीराला काय मिळतं, काय मिळत नाही

पोट, पाठ आणि नितंबांची ताकद वाढते, मणक्यांची लवचीकता सुधारते, तोल सावरणं सोपं होतं. बसण्याउभं राहण्याच्या ढबीत फरक जाणवतो, कारण आपण कुठे कलतो आहोत याची खबर शरीराला लवकर मिळू लागते. जुनाट कंबरदुखीवर याचा सर्वात जास्त अभ्यास झाला आहे. वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात १० चाचण्या आणि ५१० रुग्ण विचारात घेतले होते. काहीच विशेष उपचार न घेण्यापेक्षा पिलाटेसने दुखणं आणि हालचालीतली अडचण कमी होते, असा निष्कर्ष निघाला. पुरावा मात्र कमी ते मध्यम दर्जाचा होता. इतर व्यायामांपेक्षा पिलाटेस सरस आहे, असं ठामपणे सिद्ध झालं नाही. म्हणजे तुम्हाला हा व्यायाम आवडत असेल आणि टिकून करता येत असेल, तर कंबरेसाठी तो चांगला पर्याय आहे.

‘स्नायू लांब आणि सडपातळ होतात’ ही जाहिरात मात्र मनावर घेऊ नका. स्नायूची दोन्ही टोकं हाडांना बांधलेली असतात, त्यामुळे व्यायामाने त्याची मूळ लांबी बदलत नाही. ढब सुधारल्याने माणूस उंच दिसतो, ते वेगळं. वजन उतरवण्यासाठीही एकट्या पिलाटेसवर विसंबू नये, नवख्या पातळीवर त्यात ऊर्जा फारशी खर्च होत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम तीव्रतेचा, हृदयाचे ठोके वाढवणारा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंची ताकद वाढवणारा व्यायाम सुचवते. पिलाटेस दुसऱ्या भागात बसतं. पहिल्यासाठी भरभर चालणं, पोहणं, सायकल चालूच ठेवा.

आणि मनाला

पाय उचलायचा, कंबर हलू द्यायची नाही, श्वास सोडायचा, खांदे सैल ठेवायचे, हे सगळं एकाच वेळी सांभाळताना डोक्यात दुसऱ्या कशाला जागाच उरत नाही. मन शांत करायचा वेगळा प्रयत्न न करता ते एका ठिकाणी थांबतं. शिवाय श्वास सावकाश आणि लांब सोडला की हृदयाचे ठोके जरा मंदावतात, शरीर सैलावतं. ज्यांना डोळे मिटून स्वस्थ बसणं असह्य होतं, त्यांना ही वाट मी नेहमी सुचवते. चिंता किंवा नैराश्यावरचे उपचार चालू असतील तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका, हा सराव त्यांच्या जोडीला ठेवा.

आणखी एक बदल हळूहळू होतो, त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. आपण शरीराकडे बरेचदा फक्त दुखलं तरच लक्ष देतो. इथे न दुखणाऱ्या भागांचीही विचारपूस होते. काही आठवड्यांनी काम करताना खांदे कानांपर्यंत चढल्याचं मध्येच लक्षात येतं आणि ते आपोआप खाली येतात.

शिक्षक आणि यंत्रं

शिक्षक निवडताना एवढं विचारा: प्रशिक्षण किती महिन्यांचं होतं, आणि जुनी दुखणी आधी विचारून घेतली जातात का. जो तुमच्या कंबरेकडे बघून व्यायाम सोपा करून देतो, तो चांगला. जो सगळ्यांकडून एकच मोजणी करून घेतो, तिथून निघा.

पिलाटेसचं ‘रिफॉर्मर’ हे यंत्र म्हणजे लाकडी किंवा धातूच्या चौकटीत स्प्रिंगांना जोडलेली सरकती पाटी, दोऱ्या आणि पायाला दांडी. स्प्रिंगा कमी केल्या की काम सोपं होतं असं वाटतं, पण पुष्कळ व्यायामांत उलटं होतं. पाटी सैल सरकते आणि तिला आवरायला पोटाला जास्त राबावं लागतं. यंत्रावर पहिले काही तास शिक्षकासोबतच करा. आणि यंत्र परवडत नाही म्हणून काही राहून जातंय असं समजू नका, मॅटवर स्प्रिंगांचा आधार नसतो, त्यामुळे तिथली मेहनत बरेचदा जास्तच असते.

पुढे कधी जायचं

पायरी ३ मध्ये कंबर हलत नसेल आणि ‘हंड्रेड’चे ५० ठोके मानेला त्रास न होता होत असतील, तर दोन्ही पाय काटकोनात उचलून ‘हंड्रेड’ करून बघा. तेही जमलं की पाय सरळ करून तिरपे धरा, कंबर जमिनीवरून उचलली जाणार नाही एवढ्याच उंचीवर. मग ‘रोल अप’ शिका, म्हणजे उताणं पडून एकेक मणका सोडवत बसण्यापर्यंत येणं. झटका द्यावा लागला किंवा टाचा जमिनीवरून सुटल्या, तर गुडघे वाकवून मांड्यांना मागून धरा. ‘रोल ओव्हर’, ‘जॅकनाइफ’, ‘कंट्रोल बॅलन्स’ या व्यायामांत पाय डोक्यावरून मागे जातात आणि मानेवर भार येऊ शकतो. हे तीन व्हिडिओ बघून करू नका, शिक्षकासमोरच शिका.